लांब राइडनंतर आंबलेले पाय: शेवटच्या पाच किलोमीटरपासून तिसऱ्या दिवसापर्यंत

रविवारी पहाटे निघून ठाण्याहून शहापूरपर्यंत जाऊन आलात, किंवा बेलापूरहून पनवेल, कर्नाळा करत पेण गाठलंत, की दुपारपर्यंत पाय शिशासारखे जड होतात. सोमवारी सकाळी मांड्या भरून आलेल्या असतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. नवीन सायकलस्वार अशा वेळी एक तर दुखरे स्नायू कुणाकडून तरी जोरात रगडून घेतो, नाहीतर वेदनाशामक गोळी घेऊन आडवा होतो. दोन्हींनी फारसं साधत नाही, कारण पाय कशाने थकलेत हे पाहिलेलंच नसतं. ते आधी पाहू.

पाय नेमके कशाने थकतात

पहिलं कारण साधं आहे: इंधन संपलेलं असतं. स्नायू साखर साठवून ठेवतात, तिला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या स्नायूंत ती साधारण ३०० ते ५०० ग्रॅम मावते. तीन-चार तास दमदार पेडल मारलं की त्यातला बराचसा साठा उडतो आणि नीट जेवलात तरी तो पूर्ण भरायला २४ तास किंवा त्याहून जास्त लागतात. अशा वेळी पाय जड वाटतात, जोर लावूनही वेग येत नाही, पण स्नायू दाबला तर विशेष दुखत नाही.

दुसरं कारण घाम. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठची शहरं. हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही म्हणून शरीर आणखी घाम सोडतं. एका लिटर घामाबरोबर साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम निघून जातं. डोकं जड होणं, लघवी गडद पिवळी होणं, उठताना गरगरणं ही पाणी आणि मीठ कमी पडल्याची लक्षणं. गोळे येण्यामागे मुख्यतः स्नायूंचा अतिश्रम असतो, मीठ-पाण्याची तूट त्यात भर घालते.

तिसरं, स्नायूंच्या तंतूंना झालेली बारीक इजा. हे दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त ठणकतं. पळताना किंवा डोंगर उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्यात ही इजा जास्त होते. सायकलवर स्नायू आखडत जोर लावतो, त्यामुळे ती तुलनेने कमी असते. तरीही दोन दिवसांनी मांडी दाबल्यावर कळ येत असेल, तर चढावर जड गिअर ओढला होता किंवा बराच वेळ उभं राहून पेडल मारलं होतं, असं समजा.

‘लॅक्टिक अॅसिड साचलंय, ते चोळून काढायला हवं’ असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. तसं नसतं. राइड थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट जवळपास मूळ पातळीवर येतं. सोमवारी दुखतंय ते त्याच्यामुळे नाही.

म्हणजे लांब राइडनंतरचा बराचसा थकवा रिकाम्या साठ्याचा आणि गेलेल्या पाण्याचा असतो. म्हणून अन्न, पाणी आणि झोप आधी. तेल, रोलर (स्नायूंवर फिरवायचा फोमचा दंडगोल), बर्फ नंतर. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि पाय तसेच राहतात.

आदल्या रात्रीची तयारी

दमून घरी आल्यावर कुणी अंडी उकडत बसत नाही. समोर दिसेल ते तोंडात टाकलं जातं. म्हणून आदल्या रात्रीच अंडी उकडून किंवा फुटाणे काढून ठेवा, केळी आणून ठेवा, ओआरएसचं एक पाकीट आणि एक लिटरची बाटली दाराजवळ ठेवा. वजनकाटा असेल तर पहाटे लघवीला जाऊन आल्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन करून लिहून ठेवा. हा आकडा परतल्यावर लागणार आहे.

शेवटचे पाच किलोमीटर

पायांची काळजी सायकलवर असतानाच सुरू होते. शेवटची १० ते १५ मिनिटं हलक्या गिअरवर, मिनिटाला ८५ ते ९० फेऱ्या पडतील असं पेडल फिरवा. जोर शून्य, नुसतं फिरवणं. श्वास इतका शांत हवा की बोलताना वाक्य तुटणार नाही.

अडचण आपल्या रस्त्यांची आहे. शहापूरहून परतताना खारेगाव ते माजिवडा हा पट्टा ट्रकांचा, तिथे रेंगाळणं धोक्याचं. तिथून नेहमीच्या वेगाने, सांभाळून बाहेर पडा आणि हलकं पेडल वस्तीतल्या आतल्या रस्त्यांवर करा. एक जास्तीचा फेरा पडला तरी चालेल. पनवेलकडून येताना हेच: सायन-पनवेल महामार्ग सोडून खारघर किंवा बेलापूरच्या सेक्टरांतले रस्ते धरा. येऊरहून उतरताना वेगळीच चूक होते. उतारावर पाय स्थिर ठेवून आपण घरंगळत खाली येतो आणि थेट घरी जातो. चढावर तापलेले स्नायू तसेच थंड पडतात आणि ताठरतात. खाली आल्यावर उपवन तलावाभोवती दहा मिनिटं पाय फिरवूनच घराकडे वळा.

घरी आल्यावर पहिला अर्धा तास

सायकल लावली की लगेच खुर्चीत कोसळू नका. पाच मिनिटं सावकाश चाला. सोसायटीत लिफ्ट असेल तर सायकल लिफ्टने न्या. दमलेल्या पायांनी सायकल खांद्यावर घेऊन जिने चढण्यात काही कमाई नाही. ओले कपडे बदला, अंग पुसा आणि मग वजन करा.

एक किलो वजन घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते भरून काढायला त्याच्या सव्वा ते दीडपट प्यावं लागतं, कारण काही भाग लघवीवाटे जातोच. उदाहरणार्थ, ६५ किलोचा माणूस ६३.५ वर आला, तर पुढच्या तीन-चार तासांत त्याने १.९ ते २.२५ लिटर प्यायचं. एका दमात नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. काटा नसेल तर लघवीचा रंग पाहा: फिकट पिवळा होईपर्यंत पीत राहा.

नुसतं पाणी ढोसणं मात्र चुकीचं. घामातून मीठ गेलेलं असताना लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून पहिलं लिटर ओआरएसचं असू द्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहा: एका लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच. अर्ध्या लिटरमध्ये कालवलं तर ते घट्ट होतं आणि पोट बिघडतं.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, वरून लिंबू. पातळ ताकात मीठ-जिरं हाही चांगला पर्याय. शहाळं प्यायला हरकत नाही, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्यामानाने कमी; एकट्या शहाळ्यावर भागवू नका, बरोबर काहीतरी खारट खा. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मिठाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

यानंतर दहा मिनिटं पाठीवर झोपून पाय भिंतीला टेकवून वर ठेवा. पावलांकडे साचलेलं रक्त आणि द्रव परत फिरतं, पाय हलके वाटतात. सूज फार असेल तर संध्याकाळी पुन्हा करा.

काय आणि किती खायचं

राइडनंतर पहिल्या तासात शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ ग्रॅम कर्बोदकं आणि ०.३ ग्रॅम प्रथिनं. ६५ किलोच्या माणसाला म्हणजे ६५ ग्रॅम कर्बोदकं आणि २० ग्रॅम प्रथिनं. ताटात याचा अर्थ असा:

८० ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी, त्यातून सुमारे ६० ग्रॅम कर्बोदकं. दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम प्रथिनं. एक पेला, म्हणजे २५० मिली दूध, आणखी ८ ग्रॅम. हिशेब जुळला. अंडी खात नसाल तर ५० ग्रॅम फुटाणे आणि तेवढंच दूध घ्या, प्रथिनं जवळपास तेवढीच होतात. पोहे नकोत तर दोन केळी आणि एक वाटी दहीभात. पोह्यात शेंगदाणे हवेतच, पण तेलाचा हात आखडता ठेवा.

वाटेतला वडापाव आणि मिसळ यांवर राग नाही. पण तळलेलं आणि तर्रीचं जेवण पोटात बराच वेळ राहतं, साखर स्नायूंपर्यंत उशिरा पोचते, आणि उन्हात परतताना मळमळतं. नाक्यावर थांबायचंच असेल तर इडली-सांबार घ्या. इडलीत तेल नाही, सांबारात मीठ आहे.

दोन-तीन तासांनी पूर्ण जेवण: वरण-भात, चपाती, उसळ किंवा मासे, कोशिंबीर. इथे भात मोजू नका. वजन कमी करायला सायकल चालवणारे नेमके याच जेवणात भात टाळतात आणि बुधवारपर्यंत पाय जड असल्याची तक्रार करतात. कमी खायचं ते राइड नसलेल्या दिवशी खा. मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर वरची मात्रा तशीच उचलू नका. राइडनंतर काही तासांनी आणि रात्रीही साखर खाली जाऊ शकते, तेव्हा ती तपासा.

संध्याकाळी बिअर ठरलेली असेल तर ती दुसऱ्या दिवसावर ढकला. दारूने साखरेची साठवण, स्नायूंची दुरुस्ती आणि झोप, तिन्ही मंदावतात.

अंघोळ आणि बर्फ

कोमट किंवा साध्या पाण्याने अंघोळ पुरे. गार पाण्यात बसण्याने दुखणं थोडं कमी जाणवतं हे खरं, पण त्यासाठी पाणी १० ते १५ अंश सेल्सिअस हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, तेव्हा नळाखाली पाय धरून हा परिणाम मिळणार नाही. करायचंच असेल तर बादलीत १५ लिटर पाणी आणि साधारण ३ किलो बर्फ घालून पोटऱ्यांपर्यंत पाय १० मिनिटं ठेवा. बर्फ थेट कातडीला लावून बसू नका, कातडी भाजल्यासारखी होते. दर राइडनंतर हे करायची गरज नाही. लागोपाठ दोन दिवस लांब राइड असेल तेव्हा ठीक.

चोळणं, लाटणं आणि ताणणं

त्याच दिवशी जोरात मालिश नको. बारीक इजा झालेल्या तंतूंवर अंगठा रुतवून दाबलं की दुखणं वाढतं. संध्याकाळी हलक्या हाताने, खोबरेल किंवा तिळाचं तेल लावून, प्रत्येक पायाला सात-आठ मिनिटं, एवढंच.

दिशा नेहमी हृदयाकडे. पाऊल, मग घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पोटरी, मग गुडघ्याच्या वरून जांघेपर्यंत मांडी. आधी पूर्ण तळहाताने लांब हात फिरवायचे, नंतर पोटरी दोन्ही हातांत धरून कणीक मळतात तसं सैल मळायचं. गुडघ्याच्या मागची खळगी आणि नडगीचं हाड सोडून द्या; खळगीत रक्तवाहिन्या आणि नसा अगदी वर असतात. घरी काशाची वाटी असेल तर झोपण्यापूर्वी तळपायांना तूप लावून ती पाच-सात मिनिटं फिरवा. स्नायू त्याने दुरुस्त होत नाहीत, पण अंग सैल पडतं आणि झोप लागते, आणि आज रात्री झोपच हवी आहे.

रोलर दुसऱ्या दिवसापासून. मांडीचा पुढचा भाग, मागचा भाग, पोटरी आणि नितंब, प्रत्येकी ३० ते ६० सेकंद, दोन फेऱ्या. दहापैकी पाच-सहापर्यंत दुखलं तर चालेल. श्वास रोखावा लागला तर भार कमी करा. महागडा रोलर हवाच असं नाही. खुर्चीत बसून पोटरीवर आणि मांडीवर घरचं लाटणं फिरवता येतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला खुब्यापासून गुडघ्यापर्यंत जो ताठ पट्टा असतो, त्यावर रोलर रगडू नका. तो पट्टा लांबत नाही, फक्त ठणकतो. तो ओढणारे खुब्याचे स्नायू सैल करा. मसाज गनला हेच नियम: सर्वांत कमी वेग, एका स्नायूला एक-दोन मिनिटं, हाडावर नाही.

ताणण्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं फारसं टळत नाही. ताठरपणा घालवायला मात्र उपयोग होतो. भिंतीला हात टेकून पोटरी, उभं राहून टाच नितंबाकडे नेत मांडी, प्रत्येकी ३० सेकंद, झटके न देता.

रात्री गोळा आला तर पोटरी चोळायच्या आधी ताणा: गुडघा सरळ, पायाची बोटं स्वतःकडे ओढून २० ते ३० सेकंद धरा. सुटल्यावर दोन मिनिटं चाला आणि मीठ घातलेलं काहीतरी प्या.

दुपारी मांडी घालून जमिनीवर बसणं टाळा, गुडघे दीर्घकाळ पूर्ण दुमडून राहतात. पाय लांब करून बसा. रात्री सात ते नऊ तास झोप. पहाटे चारला उठून राइडला गेलेला माणूस रात्री बारापर्यंत जागा राहिला, तर वरचं सगळं केलेलं निम्मं वाया.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या राइडनंतर लगेच घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

सोमवार

ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये उभं राहणं पोटऱ्यांना जड जातं, कारण स्थिर उभं राहिल्यावर रक्त वर ढकलणारा पोटरीचा पंप बंद असतो. दर दोन-तीन मिनिटांनी दहा वेळा टाचा उचला, गर्दीतही जमतं. घोट्याला घट्ट आणि वर सैल होत जाणारे दाबाचे मोजे असतील तर आज वापरा. त्यांचा फायदा छोटा आहे, पण तोटा नाही.

सकाळी किंवा संध्याकाळी ३० ते ४५ मिनिटं अगदी हलकी राइड करा: सपाट रस्ता, हलका गिअर, ८५ ते ९५ फेऱ्या. यात नवखे हमखास चुकतात. पाम बीच रस्ता सपाट आहे म्हणून तिथे जातात, शेजारून कुणीतरी वेगात जातं आणि दहा मिनिटांत हलकी राइड शर्यत होते. स्वतःला आवरता येत नसेल तर सायकल घरीच ठेवा आणि तलावपाळीला, नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात अर्धा तास चाला. रक्त खेळतं ठेवायचं एवढंच काम आहे.

तिसऱ्या दिवशी पाय तपासा

जिन्याचे दोन मजले चढून उतरा. एका पायावर उभं राहून दहा वेळा टाच उचला, मग दुसऱ्या पायावर. कळ न येता जमलं आणि सकाळची नाडी नेहमीसारखी असली, तर नेहमीचा व्यायाम सुरू करा. अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी रोजच्यापेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल तर आणखी एक दिवस हलकाच जाऊ द्या.

दुखणं एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत असेल, तर ते थकव्याचं नाही, बहुधा सायकलच्या मापाचं आहे. गुडघ्याच्या वाटीसमोर दुखतं: बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड ओढला जातोय. गुडघ्याच्या मागे दुखतं: सीट वर आहे. माप घ्यायला सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. बदल एका वेळी ५ मिलिमीटरचाच करा, दोन-तीन राइड करून पाहा, मग पुढचा. सीटच्या दांड्यावर आधी चिकटपट्टीने खूण करून ठेवा, म्हणजे परत फिरता येतं. दोन्ही मांड्यांपैकी एकच जास्त दुखत असेल तर सीट तिरकी आहे का, क्लीट (बुटाच्या तळाला लावलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या) सारख्या बसल्यात का, ते पाहा.

डॉक्टरांकडे कधी

लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली आणि स्नायू सुजून ताठ झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, तर शिरेत गुठळी असू शकते. अशा पायाला मालिश अजिबात करायची नाही. छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर वाट पाहू नका.

जून ते सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तुंबलेल्या पाण्यातून सायकल काढली असेल, पायाला खरचटलेलं असेल, आणि त्यानंतर साधारण दोन दिवस ते चार आठवड्यांत ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना सुरू झाल्या, तर ती राइडची दुखणी समजू नका. लेप्टोस्पायरोसिसमध्ये पोटऱ्या नेमक्या अशाच दुखतात. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो आणि लवकर उपचार मिळाले तर बरा होतो. तुंबलेल्या पाण्यातून आल्याबरोबर पाय साबणाने धुवा, जखमा तपासा. पायाला जखम असताना त्या पाण्यातून गेला असाल तर ताप येण्याची वाट न पाहता महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा, आणि ताप आलाच तर तपासताना पाण्यातून गेल्याचं त्यांना आधी सांगा.